घमेलं कसं धरावं, आणि इतर अध्यात्म

राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये, नाव घालायचं ठरलं असेल, तर पहिली सूचना: घरी लगेच सांगू नका. आई विचारेल, "घरात कधी स्वतःचं ताट उचलून ठेवलंयस का?" या प्रश्नाचं उत्तर एनएसएसच्या कुठल्याही परिपत्रकात दिलेलं नाही. वडील विचारतील, "मार्क मिळतात का?" त्याला उत्तर आहे, पण ते तुम्हाला अजून नीट माहीत नाही. आधी फॉर्म भरा, टी-शर्ट मिळू द्या, मग सांगा. टी-शर्ट घालून समोर उभ्या राहिलेल्या मुलाला आईबाप सहसा अडवत नाहीत. फार तर तो धुणार कोण, एवढंच विचारतात.

सेवा आणि आत्मोन्नती एका छपराखाली मिळण्याच्या जागांची पुण्यात टंचाई नाही. सदाशिव पेठेत १९६२ पासून ज्ञान प्रबोधिनी आहे. सिंहगड रस्त्याला रामकृष्ण मठ आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला तोही इथेच. त्यात शिरताना सात शपथा घ्याव्या लागत. त्या आज वाचून दाखवल्या तर आमच्या वर्गातली निम्मी मुलं टी-शर्ट परत करतील. शिवाय कॉलेजच्या गेटबाहेर "मनःशांती, पहिलं सत्र मोफत" अशी पत्रकं वाटणारी हसतमुख मंडळी असतातच. मी एकदा गेलो होतो. वीस मिनिटं छान गेली. डोळे उघडले तेव्हा समोर क्यूआर कोड होता.

त्या मानाने एनएसएस स्वस्त. इथे पैसे लागत नाहीत, फक्त झोप लागते. आणि तीही नेमकी व्याख्यान चालू असताना.

थोडा इतिहास पाठ असू द्या, निवडीच्या वेळी विचारतात. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ही योजना सुरू झाली. तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. ब्रीदवाक्य "माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी". आमच्या बॅचमधल्या एकाने ते वाचून पहिल्याच बैठकीत "मग नाश्ता कोणासाठी?" असं विचारलं होतं, आणि पुढे तोच भोजन समितीचा प्रमुख झाला. बोधचिन्ह म्हणजे कोणार्कच्या सूर्यमंदिरातल्या रथाचं चाक. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, अर्थात स्वयंसेवक चोवीस तास सेवेला हजर. बिल्ल्यावर हे फार सुंदर दिसतं. पहाटे साडेतीनला ग्रुपवर कार्यक्रम अधिकाऱ्यांचा "कुठे आहात?" असा मेसेज येतो, तेव्हा आठव्या आऱ्याचा अर्थ कळतो.

फॉर्मवर "सहभागी होण्याचा उद्देश" असा एक रकाना असतो. तिथे "समाजसेवा व व्यक्तिमत्त्व विकास" असं लिहावं. सगळे तेच लिहितात, कारण रांगेत पुढे असलेल्याने तेच लिहिलेलं असतं. खरा उद्देश मनात ठेवावा आणि त्याची लाज बाळगू नये. ग्रेसच्या मार्कांसाठी येणारे असतात. नव्या शैक्षणिक धोरणात सेवेलाही श्रेयांक आले, त्यामुळे श्रेयांकांसाठी येणारे आहेत. कोणीतरी आली म्हणून येणारे आहेत, आणि कोणीतरी आली म्हणून आलेल्याच्या सोबतीला येणारे आहेत. एक जण हॉस्टेलच्या मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते म्हणून आला होता. माझा अनुभव असा की शुद्ध सेवाभावाने आलेली मुलं दिवाळीपर्यंत गळतात आणि हा मेसवाला दोन्ही वर्षं टिकतो.

आता तासांचा हिशेब. वर्षाला १२०, दोन वर्षांचे २४०, आणि शिवाय सात दिवसांचं एक शिबिर. तास डायरीत लिहायचे असतात. डायरी रोजच्या रोज लिहावी असा नियम आहे, आणि ती फेब्रुवारीत एका रात्रीत लिहावी अशी प्रथा आहे. प्रथेप्रमाणे वागणार असाल तर तीन रंगांची पेनं वापरा, आणि ३१ जूनला ग्रामस्वच्छता केल्याचं लिहू नका. आमच्यापैकी दोघांनी लिहिलं होतं. दोघांच्याही डायरीवर सही झाली.

कॉलेजातल्या कार्यक्रमांत शिकायचं फारसं नसतं. वृक्षारोपण असेल तर पाहुणे येईपर्यंत रोपाला पिशवीतच ठेवावं. रोप धरायला जितके हात लावता येतील तितके लावावेत. फोटोत पहिल्या रांगेत प्राचार्य, दुसऱ्या रांगेत विश्वस्त, आणि खड्डा खणणारा शिपाई फोटोच्या बाहेर. खड्डा सहसा तोच असतो जो गेल्या वर्षी होता. आमच्याकडच्या खड्ड्याला आता सेवाज्येष्ठतेनुसार बढती द्यायला हवी. बॅनर मात्र दर वेळी नवा. तो धरणाऱ्या दोघांनी हात ताणून ठेवावेत, नाहीतर "सेवा" या शब्दावर नेमकी घडी पडते. हे सगळं थट्टेवारी सांगतोय खरं, पण बॅनर धरून अर्धा तास उन्हात उभं राहिलं की आपण फोटोत दिसणार नाही हे मनाने मान्य केलेलं असतं. पहिल्या महिन्याला एवढं पुष्कळ झालं.

खरं शिक्षण शिबिरात. त्याचं अधिकृत नाव "विशेष श्रमसंस्कार शिबिर". ते बहुधा डिसेंबर-जानेवारीत, मुळशी, वेल्हे, भोर किंवा पुरंदरकडच्या एखाद्या गावात असतं. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा देवळाच्या सभामंडपात. सामान: सतरंजी, ब्लँकेट, ताट-वाटी-पेला, बॅटरी. आंघोळीच्या गार पाण्याबद्दल कोणी काहीही सांगितलं तरी ते खोटं आहे, पाणी त्याहून गार असतं. पहिल्या दिवशी सगळे आंघोळ करतात, तिसऱ्या दिवसापासून निवडक, आणि पाचव्या दिवशी आंघोळ केलेल्याकडे संशयाने पाहतात.

आमचं शिबिर वेल्ह्याच्या बाजूला होतं. काम वनराई बंधाऱ्याचं. पावसाळा संपल्यावर ओढ्याला जे थोडं पाणी वाहत असतं, ते सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरून अडवायचं. यात यंत्र नाही, कंत्राटदार नाही, खर्च जवळजवळ नाही; माणसं मात्र भरपूर लागतात, आणि विद्यार्थी ही अशा कामाला भरपूर मिळणारी वस्तू आहे. आम्ही पहिल्या दिवशी गोण्या गच्च भरल्या. जो जास्त भरेल तो जास्त सेवाभावी, असा काहीतरी हिशेब होता. दुपारपर्यंत साठ-सत्तर गोण्या रचल्या आणि पाणी त्यांच्यामधून आरामात चालत राहिलं. गावातले एक आजोबा काठावर तंबाखू मळत बसले होते. त्यांनी दोन तास पाहून घेतलं आणि मग म्हणाले, "गच्च भरल्याली गोनी गोल व्हती. गोल वस्तू येकमेकीला चिटकत न्हाई." गोणी पाऊण भरायची, तोंड शिवायचं, म्हणजे ती ओघळून पसरते आणि शेजारणीला घट्ट बसते. वरचा थर विटांसारखा सांधा चुकवून ठेवायचा. आम्ही सगळ्या गोण्या उपसून पुन्हा रचल्या. आजोबांनी हे सकाळीच का सांगितलं नाही, असं एकाने विचारलं. "तुमी इचारलं न्हाई," ते म्हणाले.

आता घमेलं. नवशिक्या इथे हमखास चुकतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घमेल्याची साखळी करताना माणसं एकाआड एक समोरासमोर उभी राहतात. एक पूर्वेकडे तोंड करून, पुढचा पश्चिमेकडे. दोन माणसांत हातभर अंतर. याहून जास्त ठेवलं की पाऊल उचलावं लागतं, आणि पाऊल उचललं की तासाभरात कंबर गेली. घमेलं काठांना समोरासमोर धरायचं, बोटं बाहेरून खाली. देणाऱ्याने ते समोरच्याच्या हातात पूर्ण टेकेपर्यंत सोडायचं नाही, आणि घेणाऱ्याने "आलं" म्हणायची वाट पाहायची नाही. रिकामी घमेली दुसऱ्या बाजूने परत येतात. ती फेकून देण्याचा मोह आवरावा. आमच्याकडे एका स्वयंसेवकाच्या नडगीवर त्या मोहाची खूण अजून आहे. भरणाऱ्याच्या जागी वर्गातला पैलवान कधीही उभा करू नये. तो शिगोशीग भरतो, आणि साखळीत सातव्या नंबरवर मी असतो.

मी घमेलं लांब धरत होतो, कपड्यांना माती लागू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी पाणी भरायला आलेल्या एका आजींना ते पाहवेना. त्यांच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, आणि दोन्ही हात मोकळे. त्यातला एक हात हलवून त्या म्हणाल्या, "आरं पोटाशी धर की. लांब धरल्यावर जडच लागनार." पोटाशी धरलं. टी-शर्टाची वाट लागली. घमेलं मात्र हलकं झालं, हे खरं.

श्रमदान बारापर्यंत, मग जेवण, आणि जेवणानंतर बौद्धिक. ही वेळ कोणी ठरवली असेल त्याला विद्यार्थी या प्राण्याची काहीच माहिती नसावी. वक्ते पुण्याहून येतात, चांदणी चौकात अडकतात, दीड तास उशिरा पोचतात आणि वेळेच्या नियोजनावर बोलतात. झोपायचं असेल तर खांबाला टेकून बसा, मान किंचित पुढे, हातात पेन. ध्यानात आणि या झोपेत बाहेरून फरक दिसत नाही. आतून किती आहे, त्याबद्दल आमच्या शिबिरात मतभेद होते.

या ठिकाणी गाडगेबाबांची आठवण प्रत्येक वक्ता काढतो, आणि त्याला इलाज नाही, कारण माणूसच तसा होता. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं. कीर्तनाला येणाऱ्याने आधी झाडू पाहिलेला असायचा. पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा बांधल्या, पण यात्रेत ते देवळाच्या आत जाण्यापेक्षा वाळवंट झाडताना जास्त दिसत असं सांगतात. आमच्या शिबिराचं वेळापत्रकही सकाळी फावडं आणि नंतर भाषण असंच आहे. फरक इतकाच की बाबांचा वक्ता आणि झाडूवाला एकच होता.

वारीची ड्यूटी सुरुवातीलाच सांगायला हवी होती, पण ती आधी सांगितली की मुलं घाबरतात.

विद्यापीठाचं "स्वच्छ वारी, स्वस्थ वारी, निर्मल वारी, हरित वारी" असं अभियान असतं. नाव लांब आहे, काम थोडक्यात सांगता येतं: लाखो माणसं चालत येतात, त्यांना सकाळी कुठे जायचं ते दाखवणे. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून, तुकोबांची देहूहून, दोन्ही पुण्यात एकाच दिवशी येतात. माउलींचा मुक्काम भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबांचा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. अख्खं शहर तेव्हा काही ना काही वाटत असतं. राजगिऱ्याचे लाडू, केळी, चहा. कोणी चपला शिवून देतं, कोणी मोफत दाढी करून देतं, कोणी पाय चेपून देतं. एरवी पत्ता विचारला तर "पुढे विचारा" म्हणणारा माणूस रस्त्यात पातेलं घेऊन उभा असतो. या सगळ्या दानधर्मात फिरत्या शौचालयांच्या रांगेपाशी उभं राहायला कोणी नसतं. ती जागा तुमची.

ड्यूटी पहाटे चारची. बॅटरी, शिट्टी, फिनेलची बादली. शिट्टी मिळाली की वाजवावीशी वाटते. वाजवू नका, वारकरी थांबत नाहीत, शेजारच्या इमारतीतले लोक मात्र उठतात. हाक मारताना "ओ काका" म्हणायचं नाही. बाई असो, पुरुष असो, लहान असो, "माउली". पुण्याच्या मुलाच्या तोंडी हा शब्द पहिल्यांदा फार अवघडतो. माझा सूर तर रिक्षाला हाक मारल्यासारखा लागत होता. साधारण पन्नासाव्या माउलीनंतर आपण कोणाला काय म्हणतोय याकडे लक्ष राहत नाही, आणि पाऊणशेनंतर समोरून कोणी तुम्हाला "माउली" म्हटलं तर तुम्ही वळून बघत नाही, सरळ "हां" म्हणता.

आता अडचणीचा प्रसंग. वारीत भेटणारा प्रत्येक जण समोरच्याच्या पाया पडतो, हे तुम्हाला माहीत असतं. ते आपल्यालाही लागू आहे हे लक्षात आलेलं नसतं. उजाडायच्या आधी एक आजी रांगेतून बाहेर आल्या. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, गळ्यात तुळशीची माळ, हातात रिकामी प्लास्टिकची बाटली. मला वाटलं पाणी विचारतील. त्या वाकल्या आणि माझ्या बुटांना हात लावला. माझ्या हातात बादली, पायात बूट, आणि बुटांवर काय काय होतं ते इथे लिहीत नाही. मी मागे सरकलो तर फिनेल सांडलं. मग घाईघाईने बादली ठेवून मीही वाकलो, आणि त्याच वेळी त्या उठत होत्या. डोकं डोक्यावर आपटलं. "लागलं का रं बाळा?" त्यांनी विचारलं आणि माझं कपाळ चोळलं. मग बाटली पुढे केली, "पानी कुठंय माउली?"

अशा वेळी काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही. सूचना एवढीच, की बादली आधी खाली ठेवा.

पालखी पहाटेच निघते. मग जो रस्ता उरतो, तो पाहायला फार लोक नसतात. द्रोण, केळ्यांच्या साली, पाण्याच्या बाटल्या, तुटलेल्या चपला. आम्हाला हातमोज्यांचं खोकं मिळालं. त्यातले सगळे मोजे उजव्या हाताचे निघाले. डावा हात खिशात ठेवून सफाई करणाऱ्या चाळीस मुलांचा फोटो कुठेतरी असेल. शेजारी कचरावेचक बायका काम करत होत्या. गळ्यात ओळखपत्र, पायात जुने बूट, आणि हात आमच्या दुप्पट वेगाने चाललेले. पुण्यात या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली. त्यात डॉ. बाबा आढाव होते, आणि तिची सुरुवात झाली ती एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या इथल्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून. म्हणजे विद्यापीठवाल्यांनी कचऱ्यात उतरण्याला या शहरात चांगली वहिवाट आहे. मी भरलेली पोती पायाने दाबून जागा करत होतो. एक ताई ओरडल्या, "दाबू नको! काच असती, सुई असती. वरून धर, अंगापासून लांब."

गावच्या आजी पोटाशी धर म्हणाल्या होत्या, या लांब धर म्हणाल्या. दोन्ही बरोबर होतं. मातीची आणि कचऱ्याची पद्धत वेगळी, हे पुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नाही. त्या ताई आमच्यानंतर आपल्या नेहमीच्या सोसायट्यांचा कचरा गोळा करायला गेल्या. आम्ही पोहे खायला गेलो.

नंतर टेम्पोने हडपसरला गेलो. पुढची ड्यूटी तिथे होती. टेम्पोत वाद सुरू झाला: भवानी पेठ ते हडपसर हा प्रवास सेवेच्या तासांत धरायचा की नाही. दोन्ही बाजूंनी चांगले मुद्दे आले. ज्या बाईंचं नाव २०१४ साली आमच्या विद्यापीठाला दिलं, त्यांनी १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन याच हडपसरजवळ आपल्या मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात नेलं होतं. तो आजारी मुलगा वाचला. सावित्रीबाई फुले त्याच प्लेगने १० मार्चला गेल्या. हे आमच्यातल्या सगळ्यांना पाठ होतं, वक्तृत्व स्पर्धेत आम्ही ते बोललोही होतो. टेम्पोत कोणाला आठवलं नाही. शेवटी प्रवासाचा अर्धा तास धरायचा असं ठरलं आणि तसा तो डायरीत लिहिला.

आध्यात्मिक प्रगतीबद्दल नवशिके विचारतात, म्हणून सांगतो. तिचा रकाना डायरीत नाही. काही मुलं शिबिरानंतर आठवडाभर घरी स्वतःचं ताट उचलतात. आई घाबरून कपाळाला हात लावून बघते. आठव्या दिवशी सगळं पूर्ववत होतं, तेव्हा काळजीचं कारण नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर मी अजून दर वर्षी शिबिराला जातो, माजी विद्यार्थी म्हणून, आणि आता काठावर बसून कोण गोणी गच्च भरतंय ते बघतो. विचारलं तरच सांगतो. पण दोन तास थांबणं मला जमत नाही. दहा मिनिटांत बोलून टाकतो.

तर फॉर्म वर्षाच्या सुरुवातीलाच मिळतो. दोन फोटो, आधार कार्डाची झेरॉक्स, फीची पावती. शिबिराला येताना पांढरे बूट आणू नका. बॅटरीचे जादा सेल आणा. आणि हातमोजे स्वतःचे आणा, दोन्ही हातांचे.